खाऱ्या पाण्याची बादली

मामा हे कुणाचेच सख्खे मामा नव्हते. ऑपरेशन थिएटरमध्ये एकतीस वर्षं ट्रॉली लावणाऱ्या माणसाला सगळं हॉस्पिटल मामा म्हणत आलं, आणि निवृत्त झाल्यावर ते नाव पेन्शनसारखं त्यांच्यामागोमाग घरी आलं. आता गल्लीतली पोरंसोरं त्यांना मामा म्हणतात, दूधवाला म्हणतो, आणि फारच रागावली तर बायकोसुद्धा म्हणते, "काय हो मामा, जेवायला येताय की माशांसोबतच उरकणार?"

थिएटरमधलं त्यांचं काम ऐकायला साधं होतं. हत्यारं वाफेच्या पेटीतून काढायची, हिरव्या कापडावर ओळीने मांडायची, आणि ऑपरेशन संपत आलं की कापसाचे बोळे आणि चिमटे सिस्टरसोबत मोजायचे, म्हणजे पेशंटच्या पोटात काही राहायला नको. सर्जन मॅडम मोठ्या कडक. पण मामांनी आकडा सांगितला की त्या दुसऱ्यांदा विचारत नसत. नव्या डॉक्टरांना त्या सांगत, "हात धुवायचं शिकायचं असेल तर पुस्तक मिटा आणि मामांकडे बघा." मामा कोपरापर्यंत साबण लावून असे हात धूत की बघणाऱ्याच्या हाताची कातडी चुरचुरावी.

गंमत अशी, की मामांना पुढे जो नाद लागला त्यात साबणालाच बंदी होती. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात समुद्राच्या पाण्याची एक मोठी टाकी होती, आत जिवंत प्रवाळ, केशरी मासे. तिची देखभाल करणारा माणूस एकदा आलाच नाही, तेव्हा मामांनी बाह्या सरसावल्या, सवयीप्रमाणे खसाखसा हात धुतले आणि टाकीत घातले. साबणाचा अंश कुठेतरी नखांत राहिला असावा. तीन दिवस प्रवाळ अंग आखडून बसलं आणि दोन मासे गेले. मामांनी कानाला खडा लावला. टाकीच्या कामाला साबण नाही. ब्रश, नळी, चिमटा यांना नळाचं गोडं पाणीही नाही, कारण समुद्रातल्या जिवाला ते सोसत नाही. तेव्हापासून त्यांनी एक निळी बादली केली. रविवारी संध्याकाळी तीत मोजून मीठ घातलेलं ताजं खारं पाणी भरायचं आणि आठवडाभर हत्यारं त्यातच खळबळून घ्यायची. हातसुद्धा त्यातच. लोकांना ती बादली दाखवताना मामांना केवढा अभिमान वाटायचा! मासे ज्या पाण्यात राहतात त्याच पाण्यात मी हात धुतो, म्हणायचे.

निवृत्तीनंतर याच नादाचं काम झालं. सोमवारी वकिलांचं ऑफिस, मंगळवारी एका ब्यूटी पार्लरची टाकी, बुधवारी बँकेच्या साहेबांचं घर, शुक्रवारी शाळेची टाकी. रविवारी मात्र काम नाही, मैत्री. बाजारामागच्या रस्त्यावर रंगीत माशांचं आणि पिंजऱ्यांचं एक खोलीचं दुकान होतं. दुकानदार चाळिशीतला, काटकुळा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. पुढच्या बाजूला सोनेरी मासे आणि लव्हबर्ड्स ठेवून तो पोट भरायचा, आणि मागच्या बाजूला, छातीएवढ्या उंच टाकीत, नऊ वर्षं त्याने प्रवाळ वाढवलं होतं. जांभळं, हिरवं, एकेक फांदी बोटाबोटाने वाढलेली. त्यातले तुकडे कापून, छोट्या चकतीवर चिकटवून तो विकायचा, पण विकताना त्याचा चेहरा असा व्हायचा की गिऱ्हाइकालाच वाईट वाटावं. मामा दर रविवारी जायचे, चहा प्यायचे आणि बाह्या वर करून त्या टाकीची काच घासून द्यायचे. दुकानदार म्हणायचा, "मामा, राहू द्या ना." मामा म्हणायचे, "तू चहा गाळ."

यंदा सर्जन मॅडमही निवृत्त झाल्या. गुडघ्यांनी असहकार पुकारला होता, दिवसातला बराच वेळ खिडकीशी खुर्चीत जायचा. त्यांनी एक दिवस मामांना बोलावलं आणि जुन्याच आवाजात हुकूम सोडला, "मामा, मला टाकी लावून द्या. पण नीट."

नीट म्हणजे काय हे मामांना सांगायला नको होतं.

टाकीत घालायला समुद्रातला दगड आला. हा दगड दिसायला दगड, पण त्याच्या भोकाभोकात बिऱ्हाडं असतात. कोण चांगलं, कोण वाईट, हे ओळखल्याशिवाय तो टाकीत घातला तर पुढे सहा महिने कपाळाला हात लावून बसावं लागतं. मामांनी मॅडमच्या बाल्कनीत दगड एका टबात ठेवला, पाण्यात मीठ जरा चढवलं आणि दोघं बसले वाट बघत. जास्तीचं मीठ सोसेना तशी एकेक मंडळी बाहेर पडू लागली. मॅडमनी भिंग घेतलं.

"मामा, हा कोण?"

"खेकडा. केसाळ, आणि नख्यांची टोकं काळी. हा चालायचा नाही."

"कशावरून? सगळेच खेकडे वाईट नसतात ना?"

"नख्या बघा ना मॅडम. चमच्यासारख्या असत्या तर म्हटलं असतं, शेवाळ खरवडून खाणारा गरीब जीव. या टोकदार आहेत. हा तुमच्या गोगलगायी फोडून खाणार."

मग एक गुलाबी किडा निघाला, दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांच्या झालरी. मॅडमनी खुर्ची मागे सरकवली. "हा तर नक्कीच गुन्हेगार."

"हा राहू दे. हा झाडूवाला आहे. मेलेलं, उरलेलं, कुजलेलं खातो. मेलेल्या माशाजवळ सापडतो म्हणून लोक यालाच खुनी ठरवतात. फक्त हात लावू नका, केस बोटात रुतून बसतात."

"बिचारा," मॅडम म्हणाल्या. "ओळख पटल्याशिवाय चाकू लावायचा नाही, हे बरं."

एक खेकडा मात्र मीठ चढवूनही भोकात बसून राहिला. मामांनी काचेचा पेला टबात तिरपा ठेवला आणि तळाशी कोळंबीचा तुकडा टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी महाशय पेल्यात होते. चढून बाहेर यायला काच गुळगुळीत. मॅडमना इतकं हसू आलं की मोलकरीण धावत आली. मामांनी तो दगड तीन आठवडे टबातच ठेवला, रोज भिंगाने पाहिला, आणि मगच टाकीत उतरवला. "एकही आगंतुक नाही," ते म्हणाले. "हा माझा शब्द." मॅडमनी मान हलवली. शनिवार मॅडमचा ठरला.

पाचव्या आठवड्यात दुकानदाराकडून हिरव्या प्रवाळाचा एक तुकडा आणला. तोही औषधाच्या पाण्यात बुडवून, चकती खालून वरून तपासून लावला. नवव्या आठवड्यात त्याच चकतीच्या कडेला मामांना काहीतरी हलताना दिसलं. करंगळीच्या नखाएवढं, तपकिरी, आरपार दिसणारं, वर झिपऱ्या सोडलेलं इवलंसं झाड. मामांनी झटकन भिंग उचललं. या नादातली माणसं त्याला ॲप्टेशिया म्हणतात. मामा त्याला काचफूल म्हणायचे.

"सुंदर आहे की," मॅडम म्हणाल्या.

"सुंदर आहे म्हणूनच फसतात. शेजारच्या प्रवाळाला डंख मारून मारून संपवतं हे. एकाचे शंभर होतात."

"मग चिमट्याने उपटा."

"चिमटा लावला की अंग चोरून भोकात शिरतं. घासलं, तोडलं, तर जेवढे तुकडे तेवढी नवी फुलं. राईएवढा कण राहिला तरी पुरतो त्याला."

मॅडम खुर्चीतच पुढे वाकल्या. असल्या आजारांशी त्यांची आयुष्यभराची ओळख होती. "मग इलाज?"

"चुना. दाट कालवून सिरिंजने थेट तोंडावर सोडायचा. खाऊ समजून गिळतं आणि आतून करपतं."

मामांनी चुना सोडला, ते फूल करपलं. पुढच्या शनिवारी मागच्या दगडावर दोन दिसली. मामांचं डोकं सणकलं. दगड त्यांनी स्वतः तपासला होता. बाहेरून आलेली वस्तू एकच, तो हिरवा तुकडा. तो कुणाकडून आला?

रविवारी ते दुकानात गेले ते चहाला नाही म्हणूनच. मागच्या टाकीपाशी उभं राहून भिंगाने एकेक फांदी पाहिली. खालच्या कोपऱ्यात, दगडाच्या सावलीत, तीन काचफुलं झिपऱ्या हलवत उभी होती.

दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती. मामांनी आवाज खाली आणला नाही. "तुझ्या टाकीत रोग आहे, आणि तू तो घरोघरी विकतोस?"

दुकानदार वाकला. चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा वाकला. "मला दिसलं नाही, मामा."

"दिसलं नाही की बघितलं नाहीस?"

गिऱ्हाइकं हळूच निघून गेली. मामाही गेले. त्या आठवड्यात त्यांनी आपल्या सगळ्या घरी सांगितलं: त्या दुकानातून काही घेऊ नका, माल खराब आहे. पार्लरवाल्या बाईंनी आणखी चौघींना सांगितलं, बँकेच्या साहेबांनी मित्रांना. मामांचा शब्द म्हटल्यावर कोण शंका घेणार? ज्याच्या घरी टाकी नव्हती तोसुद्धा सांगायला लागला की तिथला माल बरा नव्हे.

मामांनी रविवारचं जाणं बंद केलं. खरं सांगायचं तर त्यांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. बायको म्हणायची, "जा की एकदा. तीन फुलांवरून माणूस तोडतात का कुणी?" मामा म्हणायचे, "स्वच्छतेत मैत्री नाही."

पाच आठवडे गेले. कुणीही दुकानातून काही घेत नव्हतं, तरी काचफुलं कमी होईनात. मामा घरोघर सिरिंज घेऊन चुना लावत फिरत होते, आणि चुना लावणारा माणूस म्हणून पार्लरमधल्या मुली त्यांना हसतही होत्या. जुन्या तुकड्यांतून उगवतात, मामा स्वतःला समजावायचे.

मधल्या काळात गुरुवारचं एक काम मिळालं होतं. दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना. हा डॉक्टर भलताच सावध. त्याने प्रवाळ घ्यायला साफ नकार दिला होता. "मेलं तर पेशंट म्हणतील, याच्या हातून प्रवाळ वाचत नाही, दात काय वाचणार?" म्हणून त्या टाकीत कोरडा, वर्षभर उन्हात पडलेला दगड होता, लाल प्लॅस्टिकचं प्रवाळ होतं आणि परगावच्या मित्राने भेट दिलेले दोन मासे. दुकानातली वाळूसुद्धा नाही.

त्या गुरुवारी मामा काच पुसत होते. बाकावर एक आजोबा गाल धरून बसले होते, आत मशीन कुरकुरत होतं. मामांचं लक्ष लाल प्लॅस्टिकच्या फांदीकडे गेलं. फांदीच्या टोकाला एक काचफूल उगवलं होतं आणि पंपाच्या झुळकेत मजेत डुलत होतं.

मामा पुसायचं फडकं हातात धरून तसेच उभे राहिले. प्लॅस्टिकला रोग येत नाही. कोरड्या दगडात काही जगत नाही. मग या टाकीत बाहेरून काय आलं? पाणी, तेही इथेच बनवलेलं. डब्यातलं खाणं. आणि आणखी काय? मामांनी खाली पाहिलं. पायाशी निळी बादली होती, आणि तिच्यात ब्रश उभा होता.

घरी येऊन त्यांनी ब्रश बादलीतल्याच थोड्या पाण्यासकट एका पांढऱ्या ट्रेमध्ये झटकला, ट्रे गॅलरीत उजेडात ठेवला आणि स्टूल ओढून बसले. तळाला गाळ बसला. त्या गाळात मोहरीएवढे चार तपकिरी ठिपके होते. अर्धा तास काहीच झालं नाही. मग एका ठिपक्याने हळूच, अगदी झोपेतून उठल्यासारखे, इवले हात पसरले.

मामांनी कामाची वही आणली. किती फुलं मारली हे ते टाकीवार लिहून ठेवत. ते आकडे त्यांनी कधी वाराच्या ओळीने लावून पाहिले नव्हते. आता पाहिले. सोमवार, वकील: अगणित. ती जुनी, दुर्लक्ष झालेली टाकी मामांनी पाच महिन्यांपूर्वी हाती घेतली तेव्हाच तिच्यात काचफुलांचं रान माजलेलं होतं. माल कुठून आणला ते वकिलांनाही आठवत नव्हतं. घासलं की वाढतं हे तेव्हा मामांना ठाऊक नव्हतं, पहिल्याच सोमवारी त्यांनी ते रान ब्रशने घासून काढलं होतं. मंगळवार: चाळीस. बुधवार: सव्वीस. गुरुवार नवाच, तिथे एक. शुक्रवार: चौदा. शनिवार, मॅडम: अकरा. आणि रविवार, दुकान: तीन. रोगाचं घर म्हणून ज्याचं नाव त्यांनी गावभर केलं तिथे सगळ्यात कमी. दर रविवारी बादली ताजी व्हायची, सोमवारी तिच्यात वकिलांच्या टाकीतली लागण यायची, आणि मग मामा ती वारावाराने वाटत जायचे. मासे ज्या पाण्यात राहतात त्याच पाण्यात काचफुलंही सुखाने राहत होती. बादली नळाच्या पाण्याने भरली असती आणि ब्रश वाळवला असता, तर एकही जगलं नसतं. साबणाच्या धास्तीने त्यांनी हात धुणंच सोडलं होतं. त्यांनी. मामांनी.

बायको शिवणाचं काम आवरून गॅलरीत आली तेव्हा मामा ट्रेकडे बघत बसले होते. त्यांनी सगळं सांगितलं. ती ट्रेवर वाकली, नाक मुरडलं.

"कुणाला कळलंय?"

"कुणाला नाही."

"मग ही बादली टाका, ब्रश टाका, नवे आणा आणि गप्प बसा. मी असते तर हेच केलं असतं."

"आणि त्याचं दुकान?"

बायको बराच वेळ ट्रेमधल्या त्या पसरलेल्या हातांकडे बघत राहिली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "उद्या सकाळीच जा. पण खाऊन जा. उपाशी पोटी तुमच्याने खरं बोलवत नाही, उगाच पाल्हाळ लावता."

दुसऱ्या दिवशी मामा आधी मॅडमकडे गेले. दुकानात जायचा धीर होईना, हे खरं कारण. मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. मामा बसले नाहीत.

"मॅडम, तुमच्या टाकीतली घाण माझ्या हाताने आली."

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. वही मागून घेतली, वारांच्या ओळीवरून बोट फिरवलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही. "म्हणजे एकाच ट्रेने पहिल्या बेडपासून शेवटच्या बेडपर्यंत ड्रेसिंग करत गेलात."

"हो."

"हात न धुता."

"हो, मॅडम."

त्यांनी समजूत घातली नाही. मामांना ते बरंच वाटलं. थिएटरमध्येही त्या चुकीला चूकच म्हणत. वही परत देत त्यांनी विचारलं, "दुकानदाराला सांगितलं?"

"त्याच्याकडे जायला तोंड नाही."

"ते मी कुठून देऊ? जा. आत्ताच."

दुकानात पुढची बाजू तशीच होती, मासे, पिंजरे, पाखरांची किलबिल. मागची उंच टाकी मात्र कोरडी होती. आतला दिवा बंद होता आणि तिच्यात पाखरांच्या दाण्याची तीन पोती रचून ठेवली होती. दुकानदार स्टुलावर बसून दाणे पुड्यांत भरत होता. मामांना पाहून उठला. "या मामा. चहा सांगू?"

"आधी ऐक," मामा म्हणाले, आणि उभ्या उभ्या एका दमात सगळं सांगून टाकलं. बादली, ब्रश, वकिलांची टाकी, प्लॅस्टिकवरचं फूल, वारांचे आकडे. तुझ्याकडची तिन्ही मीच आणली, म्हणाले, दर रविवारी काच घासायला यायचो तेव्हा. शिव्या खायची त्यांची पूर्ण तयारी होती. वाटेत त्यांनी मनातल्या मनात त्या ऐकूनही ठेवल्या होत्या.

दुकानदाराने हातातला डबा खाली ठेवला. "म्हणजे माझ्याकडे नव्हतंच?"

"नव्हतं."

"मी ब्लीच टाकलं, मामा."

मामांना आधी कळलंच नाही. "कशात?"

"टाकीत. तुम्ही येऊन गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी. म्हटलं, अजून कुणाच्या घरी जायला नको. मासे आधी काढले. बाकी सगळं…" त्याने पोत्यांकडे हात केला. "दोन दिवस लागले पांढरं पडायला."

"अरे, तीन होती! तीन! चुन्याच्या दोन थेंबांत गेली असती!"

"तुम्ही रोग म्हणालात."

"मग भांडायचं होतंस ना माझ्याशी!" मामांचा आवाज चिरकला. "माझी गचांडी धरायची होतीस. नऊ वर्षांत नव्हतं ते आत्ता कुठून आलं, एवढं तरी विचारायचं होतंस!"

"आलं होतं मनात."

"मग?"

दुकानदाराने चष्मा काढला आणि शर्टाला पुसत राहिला. "तुमच्याशी काय भांडायचं, मामा? म्हटलं, मामा भिंगाने बघून सांगतायत, म्हणजे असणारच. माझंच लक्ष नसेल."

मामा खाली बसले. स्टूल नव्हतं, तिथे दाण्याचं एक पोतं होतं, त्यावर बसले. शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी त्या घरी नेल्या असत्या, बायकोला सांगितल्या असत्या, दोन दिवसांनी विसरलेही असते. याचं काय करायचं ते त्यांना कळेना. आयुष्यभर लोकांनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला याचं त्यांना मोठं सुख होतं. त्याच विश्वासाने या माणसाने आपल्या हाताने आपली नऊ वर्षं मारून टाकली होती, आणि वर स्वतःलाच दोष देत बसला होता. मामांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. पिंजऱ्यातली पाखरं तेवढी आपल्या नादात ओरडत होती.

डोळे पुसून मामा म्हणाले, "सोमवारपासून तू माझ्यासोबत चल. सगळ्या घरी."

"नको मामा. तुम्ही सांगा, पुरे झालं."

"नाही. मी तुझ्या पाठीमागे तुझं नाव खराब केलं. ते धुवायचं तुझ्या देखत. माझ्या सांगण्यावर भरवसा ठेवू नकोस, समोर उभा राहून ऐक."

तो हो म्हणाला नाही, पण सोमवारी सकाळी दुकानाला कुलूप घालून वाटेवर उभा होता. मामांनी घरोघर एकेक नवा ब्रश नेला, जो त्याच घरी राहायचा, दुसरीकडे जायचा नाही. बादली आता रिकामी, कोरडी ठणठणीत होती. आणि हत्यारं बाहेर काढायच्या आधी मामा सांगायचे, "या माणसाचा माल स्वच्छ होता. घाण माझ्या हाताने आली. मी जे बोललो ते खोटं होतं." वकिलांनी कागदातून मान वर न काढता "बरं" म्हटलं. पार्लरवाल्या बाई गोंधळल्या, मग दुकानदाराला म्हणाल्या, "आमच्या मनात तसं काही नव्हतं हं," आणि मनात काय होतं ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. बँकेच्या साहेबांनी मामांना दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं की आता यायची गरज नाही. दातांचे डॉक्टर हसले, म्हणाले, "मी म्हटलंच होतं, प्लॅस्टिक बरं." शाळेच्या बाईंनी त्यांचं वाक्य पुन्हा एकदा सांगायला लावलं, कारण पहिल्यांदा त्यांचं लक्ष नव्हतं. मामांनी पुन्हा सांगितलं. सांगून सांगून सोपं होईल असं त्यांना वाटलं होतं. झालं नाही.

शनिवारी मॅडमकडे. मॅडमना सगळं ठाऊकच होतं, पण मामांनी सांगायला सुरुवात केली तशा त्या खुर्चीचे हात धरून उठल्या. उठायला त्यांना वेळ लागला. मामा थांबले. त्या पूर्ण उभ्या राहिल्या, मगच म्हणाल्या, "हं, बोला." मामांनी वाक्य संपवलं.

मॅडम दुकानदाराकडे वळल्या. "यांनी सांगितलं आणि मी मानलं. तुमच्याकडे एक माणूस पाठवून विचारायला हवं होतं, तेवढंही मी केलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा."

दुकानदार घाबरून म्हणाला, "अहो मॅडम, राहू द्या, बसा तुम्ही आधी."

मामा बाजूला उभे होते. बावीस वर्षं ते मॅडमच्या शेजारी उभे राहिले होते, आणि त्या कुणाची माफी मागताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मागावी लागेल असं मॅडमच्या हातून कधी काही झालंच नव्हतं. आज मागितली, ती मामांच्या शब्दावर विश्वास ठेवल्याबद्दल.